दृश्य चौऱ्याहत्तरचा बिघाड

२ मार्च, सोमवार

सकाळी सहाला हजर. पंप क्रमांक दोन चालू, एक राखीव. दाब बरोबर. सात वाजता मोठा व्हॉल्व्ह उघडला, आठला बंद केला. त्याचं चाक हल्ली फार हलकं फिरतं. दोन वर्षांपूर्वी भिंतीवर घड्याळाची आणि दिव्यांची ती नवी पेटी बसवली, तेव्हापासून मी चाकाला रोज न चुकता तेल घालतो, त्याचं हे फळ. पूर्वी दोन माणसं घामाघूम व्हायची, आता करंगळीनं फिरतं.

ही वही खरं तर पंपाची. पण आजपासून तीत दुसरंही लिहावं लागणार असं दिसतं, कारण संध्याकाळी धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी मेहुणी, हिची लहान बहीण. आली ती एकशे बारा पानांचा गठ्ठा टेबलावर आपटूनच म्हणाली, "भावोजी, फीडबॅक हवाय."

धाकटीनं चौदा वर्षं विमा कंपनीत दावे नाकारायची पत्रं लिहिली. सहा महिन्यांपूर्वी एक दिवस उठली आणि राजीनामा देऊन आली. "आता मी लिहिलेलं वाचून कोणी रडलं, तर ते माझ्यामुळे रडलं पाहिजे, कंपनीमुळे नाही," असं तेव्हा म्हणाली होती. तर आता तिनं सिनेमा लिहिलाय. साल २३११. जगातलं सगळं पाणी एका माणसाच्या ताब्यात, त्याचं पद महानियंत्रक. शेवटी नायक पंप बंद पाडतो आणि जनता मुक्त होते.

"पंपातलं तुम्हाला कळतं, म्हणून तुम्हीच वाचा. पण मोकळेपणानं सांगायचं हं, भावोजी. माझं मन राखायचं नाही."

मी म्हटलं, त्याची काळजी करू नकोस.

तीस तारखेला निर्मात्याला ऐकवायचं आहे. निर्माता न्हाणीघराच्या फरशा विकतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव फरशीवाला. त्याला आवडलं तर सिनेमा होईल. नाही आवडलं, तर एक एप्रिलला धाकटी पुन्हा कंपनीत. तिच्या साहेबानं खुर्ची तोपर्यंत रिकामी ठेवलीय म्हणे. हे सांगताना ती हसत होती, पण बिस्किट खायचं सोडून त्याचा नुसता भुगा करत होती.

४ मार्च, बुधवार

दाब बरोबर. दुपारी तीस पानं वाचली.

२३११ मध्ये माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायक नऊशे चार. प्रत्येकाला दिवसाला अर्धा लिटर पाणी, तेही भिंतीवरच्या काचेच्या डोळ्यासमोर मान झुकवल्यावर. आणि एवढं असून बाराव्या दृश्यात नायिका पानभर रडते! अर्ध्या लिटरवर? एवढं पाणी आणलं कुठून बाईनं?

अभिप्राय कसा देतात, मला माहीत नाही. पण आमच्या कामात काही बिनसलं तर त्याची एक ठरलेली पद्धत आहे: बिघाड अहवाल. ठिकाण, बिघाडाचं स्वरूप, कारण, तात्पुरती दुरुस्ती, कायमची दुरुस्ती, सही. पंपघराच्या कपाटात त्या फॉर्मची पुस्तकं धूळ खात पडलीयत. पेटी आल्यापासून फॉर्म कोणी भरत नाही, पेटी स्वतःच भरते म्हणे. एक पुस्तक घरी आणलं.

५ मार्च, गुरुवार

एकोणीस फॉर्म भरले. नमुन्यादाखल इथे उतरवून ठेवतो.

ठिकाण: दृश्य १२. बिघाड: नायिका रडते. कारण: कोटा आणि अश्रू यांचा मेळ नाही. तात्पुरती दुरुस्ती: हुंदके चालतील. कायमची दुरुस्ती: कोटा पाऊण लिटर करावा.

ठिकाण: दृश्य ३१. बिघाड: पंपघरात शंभर सैनिक आणि एकही ऑपरेटर नाही. मग दर तासाचा दाब लिहितं कोण? कायमची दुरुस्ती: नव्व्याण्णव सैनिक कमी करून एक ऑपरेटर नेमावा. त्याला बसायला स्टूल द्यावं.

ठिकाण: दृश्य ७४. बिघाड: नायक लाल बटण दाबतो, पंप बंद पडतो, महानियंत्रकाचा मनोरा कोसळतो. कारण: असं बटण नसतं. एक पंप थांबला की राखीव चालू होतो. मनोऱ्याचा आणि पंपाचा काडीचा संबंध नाही. शिवाय पाणी तोडलं तर आधी जनता मरेल, महानियंत्रकाकडे स्वतःची टाकी असणारच.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "अहो, ती सिनेमा लिहितेय, पाणीपुरवठा नाही."

मी म्हटलं, तिनंच मोकळेपणानं सांगा म्हटलंय.

"सगळेच म्हणतात तसं," असं म्हणून ही आत गेली.

८ मार्च, रविवार

कामावरून आलो तर धाकटी घरी बसलेलीच. तिला एकेचाळीस फॉर्म दिले, क्रमवार लावून, टाचणी मारून. आधी खुदुखुदु हसत वाचत होती. विसाव्या फॉर्मला हसू थांबलं. दृश्य चौऱ्याहत्तरपाशी तिनं कागद खाली ठेवला.

"म्हणजे मग तो जिंकतच नाही?"

"जिंकू दे की. पण असा नाही."

"मग कसा?"

"ते मला काय माहीत? मी बिघाड सांगतो."

टेबलाखालून हिनं माझ्या पायावर सणसणीत लाथ मारली. कशाबद्दल, ते कळलं नाही. धाकटीनं मात्र सगळे फॉर्म पिशवीत घातले आणि म्हणाली, "ठीक आहे. सगळं दुरुस्त करते." पोरगी जिद्दीची आहे. मला कौतुक वाटलं.

११ मार्च, बुधवार

दुसरा खर्डा आला. आता २३११ मध्ये राखीव पंप आहे, म्हणून नायक दोन्ही पंप बंद करतो. मी फोनवर विचारलं, "आणि जनरेटर?" पलीकडून कागद चुरगळल्याचा आवाज. मग, "जनरेटर. बरं."

१६ मार्च, सोमवार

तिसरा खर्डा एका बैठकीत वाचून संपवला. काय सांगू! माझी एकूण एक सूचना तिनं घेतलीय. महानियंत्रकाकडे आता जनरेटर आहे, सुट्या भागांचं गोदाम आहे, दोन पाळ्यांत ऑपरेटर आहेत, त्यांना स्टूल आहे. फाटकावर नोंदवही ठेवा असं मी सुचवलं होतं, तीही आहे. त्या नोंदवहीमुळे नायक नवव्या दृश्यातच पकडला जातो आणि त्याला तिथल्या तिथे मारतात. पुढे सगळं सुरळीत.

ताबडतोब फोन केला. "अगं, निर्दोष झालंय! शोधून बिघाड सापडत नाही."

"भावोजी," धाकटी म्हणाली, "नायक नवव्या दृश्यात मेला. त्यापुढची शहाण्णव पानं नुसतं पाणी वेळेवर येतंय."

"मग छान झालं की!"

फोन कट झाला. आमच्या भागात नेटवर्कची बोंबच आहे.

१७ मार्च, मंगळवार

आज सुट्टी. मंगळवारी आमच्या भागाला पाणी सोडत नाहीत, म्हणून माझी सुट्टीही मंगळवारी. बाकी सत्तावीस वर्षांत एक रजा नाही. ताप असला तर गोळी खिशात घालून गेलोय. माझं लग्नसुद्धा मंगळवारी लागलं. ही ते अजून ऐकवते. त्यामुळे गंमत अशी, की माझ्या स्वतःच्या घरच्या नळाला पाणी येताना मी आजवर पाहिलेलं नाही. सात ते आठ पाणी, आणि सात ते आठ मी चाकापाशी.

सकाळी ही धाकटीकडे जाऊन आली. चहा माझ्यासमोर ठेवला, म्हणजे जवळजवळ सांडलाच.

"काय झालं?"

"इस्त्री करत होती."

"मग?"

"ऑफिसचे कपडे, अहो! सहा महिने कपाटात कोंबलेले. एकेक काढून इस्त्री करत होती. 'भावोजींचं बरोबर आहे, मला यातलं काही कळत नाही,' म्हणाली. चौदा वर्षं ती रोज रडत घरी यायची, ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. तुम्हाला दाब माहीत आहे."

आणि हिच्या डोळ्यांना धार लागली.

मला खरंच वाटलं होतं की मी मदत करतोय. दुपारभर त्या फॉर्मच्या पुस्तकात राहिलेल्या कार्बन प्रती पुन्हा वाचल्या. एकही चूक नव्हती त्यांत. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

२० मार्च, शुक्रवार

काल मीच फोन करून धाकटीला पंपघर बघायला बोलावलं. म्हटलं, बघून काही सुचलं तर सुचलं. सकाळी पावणेसातला आली, डोळे सुजलेले. फरशीवाल्याचा तिला कालच फोन आला होता: नायक जिंकला पाहिजे, आणि मध्ये एक अंघोळीचं दृश्य पाहिजे, फरशा नीट दिसतील असं. पाणी नसलेल्या जगात!

तिला सगळं दाखवलं. पंप, दाबाचा काटा, माझं स्टूल. सात वाजायला दोन मिनिटं असताना पेटीवरचा हिरवा दिवा लागला. त्या पेटीचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, मी कितीदा तक्रार केली, कोणी मनावर घेत नाही. मग बरोबर सातला मी चाक फिरवलं. धाकटी बघत राहिली.

"भावोजी, इथे तुमच्याशिवाय कोण असतं?"

"दोननंतर बोळेवाला." बोळेवाला म्हणजे दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. पंप बंद असला तरी त्याच्या कानात कापसाचे बोळे असतात. "पण पाणी सोडायच्या वेळी फक्त मी."

"आणि तुम्ही एक दिवस आलाच नाहीत तर?"

मला हसूच आलं. असा प्रश्न सत्तावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. "तर काय! पाणी येणार नाही."

ती ताडकन उठली. "म्हणजे बटण नकोच! पंप फोडायला नको, जनरेटर नको. तुमच्या त्या एकतिसाव्या दृश्यातला ऑपरेटर! तो किल्ल्या खुंटीला लावतो आणि घरी जातो. बस्स!"

मी विचार केला. राखीव पंप असला, जनरेटर असला, तरी चाक फिरवायला माणूस लागतोच. सगळीकडून ठोकून पाहिलं, कुठेच फट दिसेना.

"पण भावोजी, खात्रीनं बंद होईल ना?"

"होईलच."

"कधी करून पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. आणि पडताळल्याशिवाय मी सही करत नाही, हे तिला ठाऊक आहे. मग मी कॅलेंडर काढून मंगळवार सोडून दुसरा वार बघायला लागलो.

२३ मार्च, सोमवार

उपअभियंत्यांकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी वाचायच्या आधीच सही केली. "अहो घ्या की! आठवडाभर घ्या!" माणूस माझी परीक्षा बघतोय, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. म्हटलं, गुरुवार फक्त. आणि माझ्या गैरहजेरीत काय काय करायचं, त्याची चार पानी सूचना दिली. त्यांनी ती आदरानं घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

चष्मा घरी विसरलो होतो. तो घेऊन ही आली, तेव्हा मी पंपांमध्ये होतो. काचेतून पाहिलं तर उपअभियंता हिच्याशी हळू आवाजात बोलत होते, मध्येच पेटीकडे हात करत होते. ही नुसती मान हलवत होती. चष्मा माझ्या हातात ठेवून लगेच निघाली.

जेवताना म्हणाली, "अहो, गुरुवारी पाणी आलं तर?"

"येणार नाही."

"पण समजा आलं. धाकटीचं काय?"

"मग दृश्य चौऱ्याहत्तर खोटं. मी सही करणार नाही."

"आणि तुमचं काय?"

मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "मग मी सत्तावीस वर्षं उगाचच गेलो, असं वाटेल."

ही उठली आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला लागली.

२५ मार्च, बुधवार

झोप नाही. उद्या माझ्यामुळे अख्खा भाग कोरडा राहणार. दवाखाना आहे, शाळा आहे. एका सिनेमासाठी! पण धाकटीच्या इस्त्रीचा विचार आला की पुन्हा मन घट्ट होतं. संध्याकाळी जिन्यात भेटेल त्याला हळूच सांगितलं, "पाणी भरून ठेवा." खालच्या मजल्यावरच्या काकूंना दोनदा सांगितलं. हिनं पिंप, बादल्या, पातेली, झाडून सगळं भरलं.

२६ मार्च, गुरुवार. रजा.

५:०० जाग. कामावर जायचं नाही हे पायांना कळत नव्हतं, दारापर्यंत जाऊन आलो.

६:०० स्वयंपाकघरातल्या नळासमोर स्टूल टाकून बसलो. वही, पेन्सिल, घड्याळ. आमच्या इमारतीला टाकी नाही, पाणी थेट नळाला येतं. प्रत्येक घराचा पाइप जिन्याखालून निघतो, तिथेच प्रत्येकाचा पाणी बंद करायचा कॉक. त्यामुळे पडताळणीला ही जागा उत्तम.

६:४० ही म्हणाली, "जिन्याखाली झाडून येते." मी म्हटलं, आत्ता? आजच्या दिवशी? "फार जाळी झालीत," म्हणाली. बायकांना कधी काय सुचेल सांगता येत नाही. बराच वेळ लावला. वर आली ती धापा टाकत, तळहात लालबुंद.

६:५५ नळ पूर्ण उघडला.

७:०० काही नाही.

७:०४ एक थेंब. कालचाच असणार.

७:१५ काही नाही. ही माझ्या मागे दाराला धरून उभी. "चहा करू?" म्हणाली. म्हटलं, आता नको.

७:४० काही नाही.

८:०० पाणी आलं नाही.

पाणी आलं नाही! मी ओरडलोच. एक माणूस गेला नाही आणि पाणी आलं नाही! धाकटीला फोन लावला. कसंबसं "लिही" एवढंच म्हणालो. तिकडे ती रडायला लागली. मागे वळून पाहतो तो ही पालथ्या बादलीवर बसून रडतेय. बहिणीवर किती जीव आहे हिचा.

मलाही रडू आलं, लिहून ठेवायला लाज कसली. मी उगाच जात नव्हतो.

८:१५ ही पुन्हा जिन्याखाली गेली. झाडू विसरली म्हणे.

८:३० खाली उतरलो तर काकू जिना धूत होत्या, बादलीवर बादली. म्हटलं, "काकू, साठवलेलं जपून वापरा." माझ्याकडे बघत म्हणाल्या, "साठवलेलं कशाला? आज तर जोर चांगला होता." वय झालं बिचाऱ्यांचं. दिवसांचा घोळ होतो.

२७ मार्च, शुक्रवार

धक्का बसला. पेटीतून कालच्या नोंदीचा कागद काढला, तर त्यावर सात वाजता उघडला, आठला बंद! चक्क खोटी नोंद! यंत्रालासुद्धा लबाडी शिकवली लोकांनी. उपअभियंत्यांना जाऊन सांगितलं. "जाऊ द्या हो," म्हणाले. तक्रारींची वही पाहिली, तर कालची एकही तक्रार नाही. लोक इतके हादरले, की तक्रार करायचंही कोणाला सुचलं नाही.

संध्याकाळी धाकटीसाठी शेवटचा फॉर्म भरला. ठिकाण: दृश्य ७४. बिघाड: नाही. पडताळणी: २६ मार्च, सकाळी सात ते आठ, प्रत्यक्ष नळासमोर बसून. पाणी आलं नाही. सही, तारीख.

३० मार्च, सोमवार

धाकटीनं मलाही नेलं. फरशीवाल्याच्या ऑफिसात भिंती, जमीन, छत, सगळीकडे फरशा. खुर्चीवरून घसरू की काय अशी भीती वाटत होती. तिनं दोन तास वाचलं. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सुधारला.

नऊशे चार आता नवव्या दृश्यात मरत नाही. तो म्हाताऱ्या ऑपरेटरकडे पुन्हा पुन्हा येतो आणि एवढंच विचारतो, "आजोबा, तुम्ही घरी कधी जाता?" म्हातारा हसून त्याला दाबाचा काटा दाखवतो. शेवटी दृश्य चौऱ्याहत्तर. म्हातारा किल्ल्या खुंटीला लावतो. घरी जातो. नळासमोर स्टूल टाकून बसतो. सात वाजतात. पाणी येत नाही. सगळ्या शहराचे नळ दिसतात, कोरडे. मनोऱ्यातल्या टाकीचासुद्धा तळ दिसतो, कारण ती भरणारा हाच. महानियंत्रक अनवाणी खाली येतो, म्हाताऱ्याच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "कृपा करून या." तेव्हा म्हाताऱ्याला कळतं, की आपण कोण आहोत.

फरशीवाला खाली बघत होता. मग म्हणाला, "अंघोळीचं दृश्य?"

"पाणी नाही," धाकटी म्हणाली.

त्यानं विचार केला. "कोरडी फरशीसुद्धा चांगली दिसते. पण बाई, एक सांगा. एका माणसानं हे खरंच होतं का? लोक हसतील हो."

धाकटीनं पिशवीतून माझा फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"मग झालं," म्हणाला आणि तिच्यापुढे हात केला.

माझा जीव भांड्यात पडला. परत येताना धाकटीनं भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, अगं, मी फक्त पडताळणी केली.

१ एप्रिल, बुधवार

धाकटीनं कंपनीला कळवलं, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. इस्त्रीचे कपडे हिला देऊन गेली. हिला ते होत नाहीत, पण हिनं ठेवून घेतले.

३ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी हत्यारांचा डबा उघडला. बारा इंची पाना भलत्याच कप्प्यात. माझ्या डब्याला कोणी हात लावत नाही. पान्याच्या जबड्यात हिरव्या रंगाचे कण होते. हिरवा रंग जिन्याखालच्या कॉकना दिलेला आहे.

जिन्याखाली गेलो. आमच्या कॉकवर रंग खरवडून पितळ उघडं पडलेलं, ताजं. बाकी कोणाच्या कॉकला ओरखडा नाही. आणि जाळी जशीच्या तशी. वर्षभरात तिथे कोणी झाडलेलं नाही.

तिथेच उकिडवा बसलो. खिशात फॉर्म होता. ठिकाण लिहिलं: जिन्याखालचा कॉक. बिघाड लिहिला: कोणीतरी जोर लावून बंद करून पुन्हा उघडल्याच्या खुणा. मग कारणाचा रकाना आला. पेन्सिल तशीच धरून किती वेळ बसलो, लक्षात नाही. जिन्यावरून काकू गेल्या. "काही हरवलं का?" म्हणाल्या. नाही म्हटलं.

फॉर्म घडी करून खिशात ठेवला. वर जाऊन तेलाची कुपी आणली, कॉकला तेल घातलं, चार वेळा उघडबंद करून पाहिला.

"काय करत होतात खाली?" हिनं विचारलं.

"कॉक जाम झालेला. तेल घातलं. पुढच्या वेळी करंगळीनं फिरेल."

हिच्या हातातली वाटी सिंकमध्ये पडली. मी हात धुवायला गेलो.

६ एप्रिल, सोमवार

सहाला हजर. दाब बरोबर. सात वाजायला दोन मिनिटं असताना हिरवा दिवा लागला. मी स्टुलावरून उठलो नाही. पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला. चाक जागेवर.

सात वाजून पाच मिनिटांनी उठून चाक फिरवलं. हलकं फिरलं.

९ एप्रिल, गुरुवार. रजा.

उपअभियंत्यांनी काल सही करायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. "घरी काही काम आहे का?" म्हटलं, नळाला पाणी येताना बघायचंय. त्यांनी पेन खाली ठेवला, चष्मा पुसला, मग सही केली.

सकाळी साडेसहाला नळासमोर स्टूल टाकलं. हिनं दुसरं आणून शेजारी टाकलं. आज हिला कुठे झाडायचं नव्हतं.

सातच्या आधीच नळ दोनदा खोकला. थुंकल्यासारखं थोडं गढूळ आलं, मग बारीक धार, मग मोठी. एवढा आवाज होतो, मला माहीत नव्हतं. मी हात धरला. गार होतं. मनगटापर्यंत भिजलो तरी हात काढावासा वाटेना. वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. हिनं तिचा हात माझ्या हाताखाली धरला. तळव्यावर अजून एक फोड होता, सुकत आलेला.

"धाकटीला सांगायचं का?" हिनं विचारलं.

सही माझी आहे. सत्तावीस वर्षांत चुकीची नोंद मी एकदाही तशीच ठेवली नाही. कागद मागवून दुरुस्त करता येईल, अजून शूटिंग सुरू झालेलं नाही. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"नको," मी म्हटलं. "तिच्या दृश्यात बिघाड नाही."

ही हसली आणि पदरानं डोळे पुसले. वहीत आज पाणी आल्याच्या वेळेचा रकाना मी कोराच ठेवतोय.

पहिली बादली भरली. ही म्हणाली, आता उठा, दुसरी लावा.